मास्तरांचा कान

मास्तर म्हटलं की लोकांना शाळेतले मास्तर आठवतात. हे ते नव्हेत. हे टेलर मास्तर. गळ्यात टेप, खिशात निळा खडू आणि आठवडाभर मशीनवर वाकून पाठीला आलेला बाक. पण रविवार उजाडला की तो बाक कुठं पळून जायचा कोण जाणे. स्वतःच शिवलेला पांढरा कोट अंगात चढवून मैदानात उतरले की मास्तर एकदम ताठ, हात मागे, नजर समोर. बायको म्हणायची, "आठवडाभर माझा नवरा घरात असतो. रविवारी हे कोण साहेब येतात, मला ओळख तरी करून द्या."

अंपायर व्हायचं म्हणून कुणी जन्माला येत नाही. लहानपणी सगळ्यांना बॅटिंग हवी असते, ती नाही जमली तर बॉलिंग, आणि काहीच नाही जमलं तर निदान भांडण. मास्तरांना यातलं एकही धड जमत नव्हतं. ते आपले नुसते बघायला जायचे आणि सोबत असायचे डॉक्टर.

डॉक्टर म्हणजे दातांचे डॉक्टर. मास्तरांच्या दुकानाच्या बरोबर वर त्यांचा दवाखाना. खाली मशीनची खडखड, वर ड्रिलची किरकिर आणि मधूनमधून पेशंटची बोंब. दोघांची गाठ पडली तीच मुळी भांडणातून. डॉक्टर तरातरा जिना उतरून आले आणि म्हणाले, "तुझं ते मशीन जरा थांबव की! पेशंटला वाटतं मी एकाच वेळी दोन दोन ड्रिल चालवतोय." मास्तर म्हणाले, "तू आधी तुझ्या पेशंटला थांबव. माझ्या गिऱ्हाइकांना वाटतं मी माप घेताना टाचण्या टोचतो." मग दोघंही हसले आणि समोरून चहा मागवला. त्या दिवसापासून जे जमलं ते जमलंच.

एका रविवारी दोघं असेच झाडाखाली बसून मॅच सुरू व्हायची वाट बघत होते. मॅच काही सुरू होईना. ठरलेले दोन्ही अंपायर आलेच नव्हते. शेवटी दोन्ही कॅप्टन त्यांच्याकडे आले. एकानं विचारलं, "काका, तुम्हाला दोघांपैकी कुणाला नियम येतात का?"

"कुणालाच नाही," डॉक्टर म्हणाले.

"मग उत्तम झालं. भांडणार तरी नाही तुम्ही."

अशी सुरुवात झाली. पहिली ओव्हर मास्तरांनी टाकायला लावली आणि बॉल मोजायचे साफ विसरून गेले. बॉलर बिचारा पळतोय, टाकतोय, परत जातोय. शेवटी धापा टाकत तोच म्हणाला, "साहेब, अजून किती?" सगळं मैदान हसलं. पुढच्या रविवारी मास्तर उजव्या खिशात शर्टाची सहा बटणं घालून आले. एक बॉल पडला की एक बटण डाव्या खिशात. दुसरे अंपायर खडे वापरतात, नाणी वापरतात, कुणी हातातलं यंत्र वापरतात. मास्तरांनी बटणंच वापरली, आणि पुन्हा कधी बॉलरवर तशी वेळ आली नाही.

पुढं दोघांनी नियम पाठ केले, परीक्षा दिली, पास झाले, आणि त्यांची जोडी लागली ती लागलीच. लीगच्या कागदावर दोन नावं वेगळी असत, पण लोक एकच म्हणत, "आज टेलर-डॉक्टर आहेत रे, गप खेळा."

काय ते रविवार होते! धावफलक म्हणजे लाकडी फळी आणि खिळ्यांना अडकवलेले पत्र्याचे आकडे. वारा सुटला की आकडे खणखणायचे आणि कधी कधी पडायचेसुद्धा, मग बॅटिंग करणारा ओरडायचा, "अरे, माझे रन खाली पडले, उचला!" सकाळी गवतावर दव असायचं आणि बुटांची टोकं भिजून काळी व्हायची. प्रत्येक बॉलर ओव्हर टाकायला आला की आपली टोपी आणि स्वेटर अंपायरच्या हातात देणार, हा रिवाज. थंडीच्या दिवसांत मास्तरांच्या कमरेला इतके स्वेटर बांधलेले असायचे की डॉक्टर लांबून ओरडायचे, "मास्तर, सेल लावलाय का?" चहाच्या वेळी जाड कपातला चहा आणि गार झालेलं सँडविच. आणि मॅच संपली की एकाच स्कूटरवर दोघं घरी, वाटेत दिवसभराच्या प्रत्येक निर्णयावर वाद. डॉक्टर पुढं बसून मागं बघत भांडायचे, त्यामुळं स्कूटर दोनदा कुंपणात गेली.

मास्तरांचं नाव झालं ते त्यांच्या कानावर. बाकीचे अंपायर डोळ्यांनी बघतात. मास्तर ऐकायचे. बॅट पॅडला घासली तर एक आवाज, बॅट जमिनीला टेकली तर दुसरा, आणि बॉल बॅटच्या कडेला नुसता चाटून गेला तर तिसरा, इतकुसा, बारीक, कोरडा. तो तिसरा आवाज आला की मागं कीपरनं कॅच घेतला असेल तर बॅट्समन आउट. सगळी गंमत त्या बारीक आवाजात. मास्तर म्हणायचे, "त्यात काय आहे? मशीनची सुई मोडायच्या आधी असाच आवाज करते. तो ऐकला नाही तर माझं पोट चालणार नाही."

एकदा तर कमाल झाली. बॉल गेला, आवाज आला, कीपरनं कॅच घेतला, अकराच्या अकरा जण ओरडले. मास्तर म्हणाले, "नॉट आउट." बॉलर वेडापिसा झाला. "अहो, आवाज आला!" मास्तर म्हणाले, "आला. बटणाचा आला." बॅट्समननं मनगट वर करून बघितलं तर बाहीचं बटण मधोमध फुटलेलं. चहाच्या वेळी मास्तरांनी त्याला दुसरं बटण लावून दिलं, आणि ती गोष्ट तिखटमीठ लावून गावभर झाली. नंतर नंतर लोक सांगायचे की मास्तरांनी बटणाचा रंगसुद्धा आवाजावरून ओळखला. मास्तर हे ऐकून "काहीतरीच!" म्हणायचे खरे, पण आतून सुखावायचे. का नाही सुखावणार? आयुष्यभर दुसऱ्यांचे कपडे शिवणाऱ्या माणसाचं एवढं एकच तर कौतुक होतं.

आणि मग नेमका तोच कान जायला लागला.

एका दिवसात गेला असता तर बरं झालं असतं, माणूस बोंब तरी मारतो. हा गेला हळूहळू, भाडेकरू एकेक सामान हलवतो तसा. आधी सकाळची पाखरं गेली. मास्तरांना वाटलं, झाडं तोडली म्हणून पाखरं गेली असतील. मग किटलीची शिट्टी गेली. मग लेकीच्या फोनवरची निम्मी अक्षरं गेली, आणि फोन वाजला की मास्तर तो बायकोच्या हातात द्यायला लागले. "घे, तुझ्याशीच बोलायचंय तिला."

शेवटी आला तो "हं". बायको काही बोलली की मास्तर म्हणायचे, "हं." ओठ हलताना दिसले की "हं". कधी "हं, बघू". कधी नुसती मान. बायकोच्या हे लक्षात यायला वेळ लागला नाही. ती त्याच दुकानात त्यांच्या शेजारी बसून काज-बटणं करायची, नवऱ्याच्या अंगावरचा दोरा न् दोरा तिला माहीत. एक दिवस तिनं मुद्दाम, मास्तर पाठमोरे असताना, नेहमीच्याच आवाजात विचारलं, "अहो, घर विकून टाकू का?"

"हं," मास्तर म्हणाले.

"आणि तुम्हाला पण?"

"हं, बघू पुढच्या आठवड्यात."

ती पोट धरधरून हसली. आणि हसता हसता गप्प झाली. मग समोर येऊन, तोंडासमोर तोंड आणून म्हणाली, "कान तपासून घ्या. मशीन मिळतं कानात घालायचं."

मास्तर असे भडकले की गिऱ्हाईक ट्रायलच्या पडद्यामागून बाहेर येऊन बघायला लागलं. "अंपायरच्या कानात मशीन? अगं, पहिल्याच अपीलला सगळं मैदान दात काढेल! ज्या कानावर माझं नाव झालं, त्या कानात डबी घालून फिरू? त्यापेक्षा कोट जाळून टाकतो." ती पुन्हा त्या विषयावर काही बोलली नाही. खरं सांगायचं तर त्यानंतर तिचं बोलणंच कमी झालं. बोलायची, पण स्वतःशीच, भांडी घासताना, कपड्याला काज करताना.

लीगवाले दरवर्षी अंपायरचे डोळे तपासायचे. कान तपासावेत हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. त्यामुळं मास्तर उभे राहत होते, आणि हे कसं जमत होतं ते फक्त दोघांना ठाऊक होतं.

झालं होतं असं. कान जायला लागल्यावर पहिल्याच मोसमात एका मॅचला बॉल बॅटच्या अगदी जवळून गेला, कीपरनं धरला, सगळे ओरडले. मास्तरांना ओरडणं ऐकू आलं, त्याच्या आधीचं काही नाही. काय करावं कळेना म्हणून त्यांनी स्क्वेअर लेगकडे बघितलं. तिथं, बॅट्समनच्या बाजूला लांबवर, दुसरा अंपायर उभा असतो. म्हणजे डॉक्टर. डॉक्टरांनी हॅट काढली होती आणि रुमालानं टक्कल पुसत होते. ऊन तर काही नव्हतं. मास्तरांनी बोट वर केलं. बॅट्समन मुकाट्यानं चालता झाला.

पुढच्या वेळी पुन्हा तसंच. डॉक्टरांची हॅट डोक्यावर असली तर नॉट आउट, हातात असली तर आउट. कुणी ठरवलं नव्हतं, कुणी बोललं नव्हतं. स्कूटरवर जगातल्या सगळ्या विषयांवर भांडण व्हायचं, हॅटचं नाव मात्र कधी निघालं नाही. आणि गंमत बघा, नियमात उघड मुभा होती. मुख्य अंपायरला खात्री नसेल तर त्यानं सरळ चालत जावं, दुसऱ्याला विचारावं, परत येऊन निर्णय द्यावा. त्यात लाज कसली? पण मास्तरांनी विचारायला जायचं म्हणजे मास्तरांना ऐकू आलं नाही, आणि मास्तरांना ऐकू आलं नाही म्हणजे संपलंच की सगळं. म्हणून जे काम चार लोकांसमोर करायला हरकत नव्हती, ते हे दोघं चोरून करत राहिले. वर्षानुवर्षं.

मग डॉक्टर वयाच्या अटीत बसेनासे झाले. त्यांना हार, नारळ नाही तर घड्याळ काहीतरी देऊन लीगनं निरोप दिला. मास्तर त्यांच्याहून लहान, त्यांचा एक मोसम बाकी होता. तो मास्तरांनी कसाबसा काढला. सोप्या मॅच घेतल्या, गुडघा दुखतो म्हणून अर्ध्या टाळल्या. आणि मोसमाच्या शेवटी लीगचे सेक्रेटरी स्वतः दुकानात आले, मास्तरांचा हात हातात घेऊन म्हणाले, "फायनल तुम्हीच करायची. तुमची शेवटची मॅच. सगळ्यांची इच्छा आहे." ते मोठ्यानं बोलत होते, म्हणून हे मात्र स्वच्छ ऐकू आलं.

मास्तरांना नाही म्हणता आलं असतं का? आलं असतं. गुडघा होताच. पण इतकी वर्षं उभं राहून त्यांना एकही फायनल मिळालेली नव्हती. ते हो म्हणून बसले. आणि सेक्रेटरी जिन्याखालून वळतात न वळतात तोच मास्तर जिना चढून डॉक्टरांच्या दवाखान्यात.

डॉक्टर रिकाम्या खुर्चीवर, पेशंटच्या त्या लांबलचक खुर्चीवर, पाय पसरून पेपर वाचत होते. मास्तरांनी दार लावून घेतलं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो विषय काढला. "डॉक्टर, मला एक सांग. तुला तिथून, स्क्वेअर लेगवरून, ऐकू कसं यायचं? माझ्या समोर होऊन मला येत नाही, तुला तिथून येतं. काय करायचास तू? माझ्याकडे एक आठवडा आहे, मला शिकव."

डॉक्टरांनी पेपर खाली ठेवला. "ऐकू?" ते म्हणाले. "मला कसलं ऐकू येतंय तिथून! वारा असतो, गाड्या असतात."

"मग हॅट?"

"अरे, मी बॅट्समनचं तोंड बघायचो. उभा जन्म माणसांच्या तोंडात बघण्यात गेला माझा. दुखतंय आणि सांगत नाही, की दुखत नाही आणि नाटक करतोय, हे मला लांबून कळतं. बॉल बॅटला लागला की बॅट्समन एक क्षण जबडा आवळतो. मग साळसूद चेहरा करतो. जबडा आवळला की मी हॅट काढायचो."

मास्तर मटकन स्टुलावर बसले. "म्हणजे इतकी वर्षं आपण माणसं तोंडं बघून आउट केली?"

"आणि कुणी तक्रार केली का?"

"तक्रार कशाला करतील? त्यांना वाटायचं, मास्तरांना ऐकू आलं!"

मास्तरांच्या डोळ्यांसमोर एकेक जण यायला लागला. एक डावखुरा पोरगा होता, लाजरा, अंपायरसमोर आला की आपोआप जबडा आवळणारा. त्याला दोनदा आउट दिला होता. दोन्ही वेळा तो खाली मान घालून गेला होता. खरंच लागला होता का बॉल? आता कुणाला विचारणार? मास्तरांना भडभडून आलं. त्या दिवशी शिवलेल्या पँटचा एक पाय आखूड झाला, असं दुकानाच्या इतिहासात कधी घडलं नव्हतं.

घरी बायकोनं तोंडाकडे बघूनच ओळखलं की काहीतरी बिनसलंय. समोर बसून, ओठ नीट हलवत तिनं एकदाच विचारलं, "नाही म्हणून सांगायचं का त्यांना?" मास्तरांनी मान हलवली. नाही. शेवटची आहे. तोंडं तर तोंडं, तोंडं बघून देऊ.

फायनलचा दिवस छान उघडा होता. बँकेची टीम आणि मार्केटची टीम. डॉक्टर पॅव्हेलियनसमोर पहिल्या रांगेत खुर्ची टाकून बसले, हॅट मांडीवर. दुसरी अंपायर म्हणजे पोस्टात काउंटरवर बसणारी एक तरुण मुलगी, नुकतीच परीक्षा पास झालेली, शिस्तीची. मॅचच्या आधी ती म्हणाली, "मास्तर, तुमच्याबरोबर उभं राहायचं म्हणून मी रात्रभर झोपले नाही." मास्तर म्हणाले, "हं."

दिवस बरा गेला. सोपे निर्णय आले, मास्तरांनी दिले. मधे एक एलबीडब्ल्यू दिला तो तर इतका सुरेख की आउट होणारासुद्धा मान डोलवून गेला. मास्तरांना वाटलं, सुटलो. पण क्रिकेटमध्ये असं वाटून घेऊ नये.

बँकेची शेवटची जोडी खेळत होती. जिंकायला दोन रन हवे. मास्तरांच्या बाजूनं मार्केटचा फास्ट बॉलर आला, टोपी मास्तरांच्या हातात देऊन मागं गेला, धावत आला. बॉल पडला, किंचित बाहेर गेला, बॅट त्याच्यामागून गेली, आणि कीपरच्या ग्लोव्हमध्ये बॉल. सगळी मार्केट टीम हवेत उडाली. "हाऊज दॅट!" ते मास्तरांना ऐकू आलं. बहिऱ्याला काय, मेलेल्याला ऐकू आलं असतं.

मास्तरांनी बॅट्समनच्या तोंडाकडे बघितलं. तोंड होतंच कुठं? हेल्मेट आणि पुढं लोखंडी जाळी. जबडा आवळतोय की जांभई देतोय, काय कळणार? डॉक्टर तोंडं वाचत होते तोवर सगळे टोप्या घालून खेळायचे, हेल्मेटची सक्ती लीगनं याच मोसमात केली होती, आणि त्या दिवशी दवाखान्यात दोघांच्याही हे ध्यानात आलं नव्हतं. मास्तरांनी स्क्वेअर लेगकडे बघितलं. पोस्टातली मुलगी हात मागे घेऊन सरळ उभी, टोपी डोक्यावर, तिला कसल्या खुणा माहीत असणार? सवयीनं पॅव्हेलियनकडे नजर गेली. डॉक्टर खुर्चीतून अर्धे उठले होते आणि डोळ्यांवर हात धरून बघत होते. इतक्या लांबून त्यांना हेल्मेटसुद्धा धड दिसत नसणार.

शंका असेल तर फायदा बॅट्समनला, हे मास्तरांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. नॉट आउट म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. पण शंका बॉलबद्दल असावी लागते. इथं शंका स्वतःच्या कानाबद्दल होती, आणि तिचा फायदा ते गुपचूप स्वतःलाच देत आले होते. तो डावखुरा पोरगा पुन्हा डोळ्यांसमोर आला. मास्तरांनी बॉलरची टोपी काखेत धरली आणि चालायला लागले.

"मास्तर, कुठं निघालात?" मार्केटचा कॅप्टन ओरडला. मास्तरांनी मागं बघितलं नाही. मैदान एकदम शांत झालं. ते पोस्टातल्या मुलीजवळ पोचले, तिच्या कानाशी वाकले आणि आपल्या मतानं अगदी कुजबुजत म्हणाले, "पोरी, मला ऐकू आलं नाही. माझे कान गेलेत. बरीच वर्षं झाली. तुला काही आलं का?"

आता, कान गेलेल्या माणसाला कुजबुजता येत नाही, हे मास्तरांना कुणी सांगितलेलं नव्हतं. स्लिपमध्ये ऐकू गेलं, कव्हरला ऐकू गेलं, बहुतेक पॅव्हेलियनलाही गेलं. मुलगी मास्तरांच्या उजव्या कानाजवळ आली आणि स्पष्ट म्हणाली, "नाही, मास्तर. मी नीट कान देऊन होते, पण इथून काहीच आलं नाही."

मास्तर परत आले. "नॉट आउट."

कॅप्टनचा संताप अनावर झाला. अंपायरला म्हणायची जगातली सगळ्यात जुनी शिवी त्याच्या तोंडून बाहेर पडली. "बहिरे आहात का हो?"

"हो," मास्तर म्हणाले. "आत्ताच नाही का सांगितलं?"

पुढचाच बॉल बॅट्समननं डोळे मिटून फिरवला, तो सीमापार गेला आणि मार्केटची टीम फायनल हरली. बँकेची पोरं नाचत मैदानात घुसली. मास्तर स्टंपजवळ उभे होते. आता लोक काय काय बोलतील याचा हिशेब त्यांनी मनात केला आणि आश्चर्य म्हणजे त्यांना भीती वाटली नाही. नुसतं रडू येत होतं.

तेवढ्यात तो फास्ट बॉलर टोपी घ्यायला आला. हरलेला, घामानं निथळलेला. टोपी घेताना तो खाली बघून काहीतरी पुटपुटला. मास्तरांच्या ओठांवर सवयीनं "हं" आला होता. तो त्यांनी गिळला.

"काय म्हणालास? मोठ्यानं सांग बाबा, ऐकू आलं नाही."

बॉलरनं इकडं तिकडं बघितलं. मग बेंबीच्या देठापासून ओरडला, "म्हटलं, मलाही काही ऐकू आलं नव्हतं, मास्तर! कीपर ओरडला म्हणून मी ओरडलो!"

"मी?" कीपर लांबून किंचाळला. "मी स्लिपवाला ओरडला म्हणून ओरडलो!"

"आणि मी तू ओरडलास म्हणून!" स्लिपवाला बॉलरकडे बोट दाखवून म्हणाला.

एक क्षण सगळे एकमेकांकडे बघत राहिले आणि मग जो हशा पिकला तो कॅप्टनसकट. मास्तर हसता हसता स्टंपला धरून खाली वाकले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते हसण्याचं की कशाचं त्यांनाही सांगता आलं नसतं. एवढंच? एवढंच विचारायचं होतं, परत सांग म्हणून?

पॅव्हेलियनमध्ये डॉक्टर वाट बघत होते. त्यांनी मास्तरांना शेजारी बसवलं. मग मास्तरांच्या तोंडासमोर येऊन म्हणाले, "मी असतो तिथं तर तोंड दिसो न दिसो, हॅट काढली असती मी. पक्की काढली असती, आणि चुकलो असतो." मास्तरांनी त्यांचा हात धरला. दोघांनाही ते पुरलं. संध्याकाळी स्कूटर डॉक्टरांनी हळू चालवली आणि पुढं बघून चालवली.

घरी आले तेव्हा बायको सिंकजवळ उभी राहून कप विसळत होती. मास्तर टेबलाशी बसले, बूट काढायला लागले. तिनं मागं वळून एकदा बघितलं आणि पुन्हा नळाकडे तोंड केलं. तिच्या खांद्यांवरून मास्तरांना कळलं की ती काहीतरी बोलतेय. रोजच्यासारखी. स्वतःशीच.

"काय म्हणालीस?" मास्तरांनी विचारलं.

तिचा हात थांबला. "काही नाही."

"नाही, सांग. मला ऐकू आलं नाही. मला ऐकू येत नाही गं. आज मैदानावर सगळ्यांना सांगून आलोय. उद्या तुझ्याबरोबर येतो त्या मशीनवाल्याकडे. पण आत्ता काय म्हणालीस ते सांग."

तिनं नळ बंद केला. पदराला हात पुसले. खुर्ची ओढून मास्तरांच्या उजव्या बाजूला बसली, अगदी जवळ, आणि कितीतरी वेळ नुसती त्यांच्या कानाकडे बघत राहिली.

"कुठून सांगू?" ती म्हणाली. "आजचं सांगू, की इतक्या वर्षांचं?"

मास्तरांनी हातातला बूट खाली ठेवला. "सगळंच सांग," ते म्हणाले, "आणि मोठ्यानं सांग."